बायबल ॲप: वाचायला उत्तम, मोजायला नको

यूव्हर्जनचं बायबल ॲप 2008 पासून आहे. अमेरिकेतली लाइफ चर्च ही ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, ते चालवते. ॲप मोफत आहे, जाहिराती नाहीत, आणि मराठीतली एकाहून जास्त भाषांतरं एकाच ठिकाणी मिळतात. शोध चांगला चालतो, अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, टिपणं ठेवता येतात. एवढ्यावर कुणीही ते बिनधास्त घ्यावं.

हे परीक्षण मात्र एकाच कामापुरतं आहे. यश, पद, पैसा, नाव यांच्यापेक्षा ख्रिस्तावरचा विश्वास मोठा मानायचा म्हणजे नेमकं काय, हे शास्त्रातून शिस्तीत वाचून काढायचं असेल तर हे ॲप कितपत साथ देतं? उत्तर थोडं विचित्र आहे. पुस्तक म्हणून ॲप भरपूर साथ देतं. पण हजेरी मांडायला बसलं की याच विषयाच्या मुळावर येतं.

आधी ही हजेरी बघू. स्ट्रीक म्हणजे सलग किती दिवस ॲप वापरलं याचा आकडा. वापरलं, वाचलं असं नव्हे. रात्री पावणेबाराला डोळे मिटत असताना ॲप उघडून दिवसाच्या वचनावर नजर टाकली तरी आकडा एकाने वाढतो. दिवसभर छापील बायबल घेऊन रोमकरांस पत्रात बुडालेल्या माणसाची स्ट्रीक मात्र तुटते. त्यावर बॅज आहेत: प्लॅन (रोजच्या वाचनाचं ठरवलेलं वेळापत्रक) पूर्ण केला, वचनं रंगवली, चित्रं बनवली, शेअर केली, की बॅज. यामागची नियत वाईट नाही, सवय लागावी एवढाच हेतू आहे, आणि सुरुवातीचे दोन-तीन आठवडे सवय लागतेही. पुढे मात्र माणूस वचनासाठी ॲप उघडतोय की आकड्यासाठी, हे त्याचं त्यालाच कळेनासं होतं. खूण सोपी आहे. एक दिवस चुकल्यावर आधी काय आठवतं, राहिलेला अध्याय की गेलेला आकडा?

आता फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय उघडा आणि ओवी (अध्यायातलं क्रमांक दिलेलं वचन) 5 व 6 सावकाश वाचा. पत्र लिहिणारा प्रेषित पौल आपली यादी देतो: आठव्या दिवशी सुंता, इस्राएलाचा वंश, बन्यामिनाचं कूळ, इब्र्यांचा इब्री, मग नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी (नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाचा), आवेश एवढा की मंडळीचा छळ केला, आणि नियमशास्त्राच्या नीतिमत्त्वात निर्दोष. सात कलमं आहेत. पहिली चार जन्माने आलेली, शेवटची तीन कमावलेली. यात घर, शेती, सोनंनाणं काही नाही. सगळी यादी धार्मिक आहे. जगाच्या मागे लागणं सोडा, असं सांगणारे बहुतेक लोक हा तपशील ओलांडून पुढे जातात. पौल इथे जे टाकतो ते त्याचं आत्मिक प्रगतिपुस्तक आहे. त्याच्या काळी ॲप असतं तर त्याची स्ट्रीक कधीच तुटली नसती.

सातवी ओवी सरळ व्यापाऱ्याच्या भाषेत आहे: लाभ आणि हानी. मूळ ग्रीकमधले केर्दोस आणि झेमिया हे शब्द नफ्या-तोट्याचेच. जमेच्या बाजूची रक्कम पौल उचलून तोट्याच्या बाजूला लिहितो. आठव्या ओवीत ‘केरकचरा’ येतो तिथे ग्रीक शब्द आहे स्कुबाला. त्याचा अर्थ कुत्र्यापुढे टाकायचं उष्टं-खरकटं इथपासून थेट विष्ठेपर्यंत जातो. भाषांतरकारांनी सभ्यपणे केर म्हटलंय. ही जागा ॲपमध्ये फार छान पाहता येते: ओवीवर बोट टेकवून ती निवडा, खाली येणाऱ्या पर्यायांतून तुलना निवडा, आणि तीन-चार भाषांतरं एकाखाली एक लावा. जुनं भाषांतर आणि सोप्या भाषेतलं भाषांतर जिथे वेगळे शब्द वापरतात, तिथे थांबायचं. अर्थाची गाठ बहुधा तिथेच असते. छापील प्रतींवर हेच काम करायचं तर टेबलभर पुस्तकं पसरावी लागतात. या एका सोयीसाठी ॲपला पैकीच्या पैकी गुण.

पत्र कुणाला लिहिलंय हेही लक्षात ठेवावं. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती. निवृत्त सैनिक तिथे वसवलेले, आणि रोमन नागरिकत्व व पदांची उतरंड ही तिथली प्रतिष्ठा. प्रेषितांची कृत्ये 16 मध्ये याच गावात पौलाला फटके मारून तुरुंगात टाकतात, आणि आपण रोमन नागरिक आहोत हे तो फटके खाऊन झाल्यावर, दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांपुढे काढतो. म्हणून 3:20 (अध्याय 3, ओवी 20) मध्ये ‘आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे’ हे वाक्य त्या गावाला जास्त झोंबलं असणार.

आता तयार प्लॅनबद्दल. विषयवार प्लॅन बहुधा तीन ते सात दिवसांचे असतात. रोज एक छोटा लेख आणि सोबत दोन-चार ओव्या. पहिली अडचण अशी की लेख मोठा आणि शास्त्रभाग चिमूटभर. दुसरी अडचण जास्त घातक आहे: ओव्या मधूनच कापलेल्या असतात. मार्क 10 मधला श्रीमंत तरुण घ्या, ज्याला येशू सगळं विकून गरिबांना दे म्हणतो. वाचन ओवी 17 ला सुरू होतं आणि 27 किंवा 31 ला संपवलं जातं. पण त्याच अध्यायात, ओवी 35 पासून, याकोब आणि योहान हे शिष्य येशूच्या उजव्या-डाव्या हाताच्या खुर्च्या मागतात. ज्यांनी मासळीचा धंदा सोडला तेच आता वैभवात पद मागताहेत! धन सोडलं म्हणून महत्त्वाकांक्षा सुटत नाही, हा अर्ध्याहून मोठा मुद्दा कात्रीत जातो. वाचन 45 पर्यंत न्यायलाच हवं.

सगळ्यात जास्त हाल होतात ते फिलिप्पै 4:13 चे. ‘मी सर्व काही करायला शक्तिमान आहे’ ही ओवी डोंगरमाथ्याच्या नाहीतर धावपटूच्या फोटोवर टाकून परीक्षेच्या, स्पर्धेच्या, नव्या नोकरीच्या दिवशी फिरत असते. ओवी 11 आणि 12 जोडून वाचा: पौल तृप्तीत आणि उपाशीपणात, विपुलतेत आणि टंचाईत कसं राहायचं ते सांगतोय, तेही बंदिवासातून. म्हणजे ‘सर्व काही’ यात हरणं धरलेलं आहे. यिर्मया 29:11 ची तीच गत. त्याच्या बरोबर आधीच्या ओवीत सत्तर वर्षं बाबेलात बंदिवासात जाणार आहेत, हे चित्रावर मावत नाही. दिवसाचं वचन आणि वचनचित्रं ही सोय या विषयासाठी म्हणूनच कामाची नाही. एकटी ओवी आली की पुढच्या-मागच्या दहा ओव्या उघडायच्या, हा नियम करून टाका.

या विषयावर बोलताना एरिक लिडेल या स्कॉटिश धावपटूचं नाव हटकून येतं. 1924 ची पॅरिस ऑलिंपिक, 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी, म्हणून त्याने ती शर्यत सोडली आणि 400 मीटरला 47.6 सेकंदांत सुवर्ण मिळवलं. गोष्ट इथे थांबवली तर तिचा अर्थच उलटा होतो: विश्वास धरा, पदक मिळेल. पुढचं सांगायला हवं. 1925 मध्ये तो मिशनरी म्हणून चीनला गेला, आणि फेब्रुवारी 1945 मध्ये वेइशियनच्या जपानी नजरकैदेच्या छावणीत मेंदूतल्या गाठीने वारला. वय 43. एखाद्या प्लॅनमध्ये हे उदाहरण आलं, तर ते कोणत्या साली संपतंय ते पाहा. प्लॅनचा दर्जा तेवढ्यावरून कळतो.

वर्षभराचे प्लॅन वेगळ्या कारणासाठी चांगले, या कामासाठी नाहीत. बायबलमध्ये 1189 अध्याय, म्हणजे रोज साधारण सव्वातीन. उत्पत्तीपासून सरळ निघालं तर 23 व्या दिवसाच्या आसपास निर्गम 25 लागतो: निवासमंडप, पडदे, खुंट्या, मापं. गाडी अडते ती तिथे. तीन दिवस चुकले की दहा अध्याय थकतात. मॅकचेन या स्कॉटिश पाळकाचा 1842 चा जुना तक्ता रोज चार ठिकाणचं वाचन देतो, म्हणून कंटाळा कमी येतो, पण वर्षात जुना करार एकदा तर नवा करार आणि स्तोत्रं दोनदा होत असल्याने रोजचं ओझं वाढतं. मागे पडल्यास प्लॅनच्या सेटिंगमध्ये राहिलेले दिवस आजपासून लावून घेण्याची सोय आहे, ती निःसंकोच वापरावी. थकलेले दहा अध्याय एका बैठकीत संपवणारा माणूस वाचत नसतो, टिक करत असतो.

त्यापेक्षा स्वतःचं वाचन लावा. पहिल्या दिवशी फिलिप्पैकरांस पत्र सबंध, मोठ्याने. 104 ओव्या आहेत, पाव तासात होतं. पुढचे चार दिवस रोज एक अध्याय. मग उपदेशक या पुस्तकाचे अध्याय 1 आणि 2 एकत्र: घरं, द्राक्षमळे, बागा, तलाव, दास, गुरं, सोनंरुपं, गाणारे, आणि 2:11 ला सगळ्याची बेरीज. दुसऱ्या दिवशी उपदेशक 4, तिथली चौथी ओवी कामामागची चढाओढ नेमकी पकडते. नंतर लूक 12:13 ते 34. हा मूर्ख धनवानाचा दाखला भावाभावांच्या वाटणीच्या तंट्यातून निघतो हे सुटू देऊ नका, आणि 17 ते 19 मध्ये तो धनवान किती वेळा ‘माझं’ म्हणतो ते पेन्सिलीने मोजा. मग मार्क 10:17 ते 45. मत्तय 6 दोन दिवसांत, 18 व्या ओवीला तोडून. 1 करिंथ 4 एक दिवस, मुख्यतः सातव्या ओवीसाठी. शेवटी पुन्हा फिलिप्पै 3. तेरा दिवस होतात. तेराचा बॅज मिळत नाही, बरंच आहे.

मत्तय 6 वाचताना ‘ते आपलं प्रतिफळ भरून पावले आहेत’ हे वाक्य तीनदा येतं. त्यातलं ग्रीक क्रियापद त्या काळच्या पावत्यांवर ‘पूर्ण रक्कम मिळाली’ या अर्थाने लिहीत. दान, प्रार्थना, उपास लोकांना दाखवून केला की पावती फाटली, खातं बंद. त्याच अध्यायानंतर ॲपने बॅज शेअर करायला सुचवलं तर हसू येतं.

एक गैरसमज मात्र आधीच काढून टाकावा. यातून काम ढिलं करायची मुभा निघत नाही. कलस्सै 3:23 जिवेभावे काम करायला सांगतं, आणि पौल फिलिप्पै 3:14 मध्ये स्वतःच बक्षिसासाठी धावतोय. धावणं तेच, रेघ दुसरीकडे आखलीय.

सेटिंग अशी ठेवा. फोनच्या सेटिंगमधून ॲपची सगळी नोटिफिकेशन बंद करा, आणि आठवण हवीच असेल तर घड्याळाचा गजर लावा. प्लॅन सुरू करताना तो खासगी ठेवा. भाषांतराला डाउनलोडची खूण असेल तर मजकूर फोनवर उतरवून घ्या, मग वाचताना इंटरनेट बंद ठेवता येतं. मराठी प्लॅन निवडताना पहिल्या दिवसाचा लेख आधी वाचून पाहा, कारण बऱ्याच लेखांचं मराठी अनुवादाच्या कपड्यांत अवघडून उभं असतं.

आणि स्ट्रीक तीन आकड्यांवर गेली असेल तर एखाद्या दिवशी ॲप न उघडता छापील प्रत घेऊन बसा. रंग, टिपणं, खुणा यांतलं काही पुसलं जात नाही. दुसऱ्या दिवशी आकडा एकवर असतो, आणि फिलिप्पै 3 होता तिथेच उघडतो.