टेडचं परीक्षण: चौकट कुठलीही घ्या, आधी कोन आणि झडप बघा

ट्रॉल जाळ्यात, म्हणजे बोटीने ओढत नेलेल्या पिशवीसारख्या जाळ्यात, शिरलेल्या समुद्री कासवाला बाहेर पडायची वाट देणाऱ्या उपकरणाला मासेमारीच्या धंद्यात सगळीकडे टेड (टर्टल एक्सक्लूडर डिव्हाइस) म्हणतात. त्याची रचना साधी आहे. खोळ्याच्या, म्हणजे मासळी साठते त्या जाळ्याच्या मागच्या टोकाच्या, अलीकडे, जाळ्याच्या नळीत दांड्यांची चौकट तिरकी बसवलेली असते. चौकटीच्या मागच्या टोकाशी जाळं कापून तोंड केलेलं असतं आणि त्या तोंडावर जाळीचीच झडप असते. कोळंबी दांड्यांमधून खोळ्यात जाते. कासव दांड्यांवर आपटतं, घसरत तोंडापाशी येतं आणि झडप ढकलून निघून जातं. हलणारा भाग म्हणाल तर ती झडप एवढाच.

म्हणूनच टेड विकत घेताना धातू, वेल्डिंग आणि चकाकी यांवरच सगळी चर्चा होते तेव्हा वाईट वाटतं. चौकट क्वचितच दगा देते. कासवं मरतात ती चुकलेल्या कोनामुळे आणि न उघडणाऱ्या झडपेमुळे, आणि कोळंबी वाया जाते तीही बहुतेक याच दोन कारणांनी. या परीक्षणात वजन त्याच दोन गोष्टींना दिलं आहे.

आधी चौकटीचं उरकू. आज वापरात असलेल्या कडक चौकटींचं मूळ अमेरिकेतल्या जॉर्जिया किनाऱ्यावरच्या कोळंबी मच्छीमारांकडे जातं. सिंकी बून यांनी 1960च्या दशकात जेलीफिश जाळ्याबाहेर टाकण्यासाठी तिरकी चौकट बनवली आणि तिचंच पुढे ‘जॉर्जिया जंपर’ झालं. 1980च्या सुमारास तिथल्या सरकारी मत्स्य विभागाने काढलेला पिंजऱ्यासारखा टेड कासवं सोडायचा, पण तो जड आणि डेकवर हाताळायला त्रासाचा होता. मच्छीमारांनी तो मनापासून स्वीकारला नाही. टिकून राहिली ती एकसंध, सपाट चौकट. आज निवड करायची ती तिच्याच भावंडांमधून.

मापं अशी असावीत. दोन दांड्यांमधलं अंतर जास्तीत जास्त 4 इंच, म्हणजे 10.2 सेंमी. चौकटीचं बाहेरून बाहेर माप किमान 32 इंच, म्हणजे 81 सेंमी. भरीव स्टीलची सळई किमान पाव इंच, ॲल्युमिनियम किंवा फायबरग्लासची अर्धा इंच. ॲल्युमिनियमचा पाइप असेल तर बाहेरचा व्यास किमान अर्धा इंच आणि भिंतीची जाडी किमान एक अष्टमांश इंच. ही अमेरिकी नियमांतली मापं आहेत, पण ती इतरांनाही लागू पडतात. 1989च्या तिथल्या कायद्यातल्या कलम 609नुसार, ट्रॉलने पकडलेली कोळंबी तिथे विकायची तर पाठवणाऱ्या देशालाही तितकंच संरक्षण दाखवावं लागतं.

लहान कासवांचा वावर असलेल्या उथळ पाण्यात 4 इंचही जास्त होतात. स्किमर ट्रॉलसाठी, म्हणजे उथळ पाण्यात बोटीच्या बाजूंना धरून नेलेल्या जाळ्यासाठी, नंतर आलेल्या अमेरिकी नियमात अंतर 3 इंचांवर आणलं, ते याचसाठी. उलट टोकाला कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेचा सीआयएफटी-टेड आहे: 1000 × 800 मिमीची लंबगोल चौकट, तोंड वरच्या बाजूला, दांड्यांमधलं अंतर 142 मिमी. एकाच ओढीत कोळंबीबरोबर विकाऊ मासळीही येते अशा पाण्यासाठी तो बनवला आहे, म्हणून मोठा मासा मागे जाईल एवढी फट ठेवली. संस्थेच्या चाचण्यांत कोळंबीची घट 0.52 ते 0.97 टक्के आणि इतर मासळीची 2.44 ते 3.27 टक्के होती. हे आकडे उत्तम आहेत. पूर्ण वाढलेल्या ऑलिव्ह रिडले कासवासाठी ही चौकट चांगलं काम देते. पण 142 मिमीच्या फटीत लहान कासवाचं डोकं आणि पुढचा वल्ह्यासारखा पाय शिरू शकतो आणि अडकलेलं कासव तोंडापर्यंत घसरत नाही. शिवाय 102 मिमीच्या मर्यादेत ती बसत नाही. नवीन चौकट घडवून घेणार असाल तर 10 सेंमीचीच घ्या.

दांड्या सरळ की वाकवलेल्या, हे तळ बघून ठरवा. ‘सुपर शूटर’ प्रकारात दांड्यांचं तोंडाकडचं टोक वाकवलेलं असतं, त्यामुळे शेवाळ, काटक्या, स्पंज तिथे न अडकता बाहेर पडतात. स्वच्छ चिखलाच्या तळावर सरळ दांड्या पुरतात. कचऱ्याच्या तळावर मात्र वाकवलेल्या दांड्यांचे जास्तीचे पैसे वाया जात नाहीत, कारण तुंबलेली चौकट म्हणजे कोळंबीसाठी भिंतच. पाणी मागे जात नाही, ते झडप उचलून बाहेर पडतं आणि कोळंबीला घेऊन जातं.

मऊ टेड, म्हणजे चौकटीऐवजी मोठ्या आसाच्या (आस म्हणजे जाळीचं एक छिद्र) जाळीचा तिरका पडदा, स्वस्त आणि हलका असतो. तरीही आम्ही तो सुचवणार नाही. जाळी ताणली जाते, तिला झोळ पडतो आणि त्या झोळात कासव बसून राहतं. कागदावरच्या मापात आणि ओढीच्या वेळच्या आकारात इतका फरक पडतो की एक जाळं पास झालं म्हणून दुसरं होईल याचा भरवसा नाही. अमेरिकेत असे बहुतेक नमुने 1990च्या दशकात यादीतून काढले गेले, ते योग्यच झालं.

आता कोन. दांड्या आणि जाळ्याचा अक्ष यांच्यामधला कोन 30 ते 55 अंश चालतो, पण काम 45 ते 55मध्ये नीट होतं. 55च्या वर चौकट उभी होते: कासव घसरायच्या ऐवजी पाण्याच्या दाबाने दांड्यांना चिकटून राहतं, कचराही तसाच. कोन फार कमी झाला तर चौकट आडवी पडते, झडप नीट बसत नाही आणि कोळंबी दांड्यांमधून जाण्याऐवजी त्यांच्यावरून वाहत तोंडाबाहेर जाते. बसवताना 50 धरा. दोन्ही बाजूंना थोडी सवड राहते.

50 अंश कसे साधायचे? समजा चौकट 110 सेंमी उंच आहे. तिची खालची आणि वरची कड यांच्यात जाळ्याच्या लांबीच्या दिशेने 71 सेंमी अंतर पडलं की कोन 50 होतो. 78 सेंमीला 45, 63 सेंमीला 55. तोंड वर असेल तर खालची कड पुढे आणि वरची मागे. तोंड खाली असेल तर नेमकं उलट. आधी नळीच्या ताणलेल्या जाळीवर दोन्ही कडांच्या आसांच्या ओळी रंगीत दोऱ्याने खुणा करून घ्या, मग चारही बाजूंना मधले बिंदू बांधा आणि शेवटी उरलेली वीण घाला. डाव्या-उजव्या बाजूचे आस मोजून सारखेच हवेत. दोन-तीन आसांचा फरक राहिला तर चौकट पिळते आणि ओढीत खोळा फिरत राहतो. पीळ तोंडापर्यंत चढला की झडप आवळली जाते आणि वाट बंद. डेकवर हे दिसत नाही, कारण विंचवर येईपर्यंत पीळ सुटलेला असतो.

तपासणी सोपी आहे. नळीचं पुढचं टोक बूमला बांधून लटकवा, खाली खोळ्याला वजन द्या, कोनमापक दांडीला लावा. ओळंब्याशी होणारा कोन हाच चौकटीचा कोन. चुकला असेल तर वीण उसवून वरची कड एक आस सरकवा. 41 मिमीच्या आसाला साधारण अडीच ते तीन अंशांचा फरक पडतो. वर तोंड असलेल्या टेडमध्ये वरची कड पुढे घेतली की कोन वाढतो. नवीन जाळ्याच्या गाठी पहिल्या काही ओढींत आवळतात, जाळं ताणलं जातं आणि कोन हलतो. म्हणून बसवल्याच्या दिवशीचं माप अंतिम मानू नका. पहिल्या ओढींनंतर पुन्हा मोजा, आणि जोरदार हिसका बसला तर नंतरही.

तोंडाच्या मापात काटकसर करू नका. पूर्वी अमेरिकेत अटलांटिक बाजूला 35 × 12 इंचांचं तोंड चालत असे. मोठी लॉगरहेड, मोठी ग्रीन आणि लेदरबॅक या जातींची कासवं त्यातून निघत नव्हती, म्हणून 2003मध्ये मापं वाढवली. खोल पाण्यासाठी आज दोन पर्याय आहेत. एका झडपेचं तोंड: पुढची कड सरळ ताणून मोजली तर 71 इंच, म्हणजे 180 सेंमी. किंवा दुहेरी झडपेचं: 56 इंच, म्हणजे 142 सेंमी.

आमची पसंती निःसंशय दुहेरी झडपेला. मधोमध एकमेकींवर चढलेल्या दोन जाळीच्या पट्ट्या असतात. कोळंबीसाठी त्या मिटलेल्या राहतात आणि कासवाने रेटा दिला की दोन्ही बाजूंना सरकतात. त्यामुळे मोठं कासव निघतं आणि कोळंबीही राखली जाते. अट एकच: पट्ट्यांची एकमेकींवरची चढण 15 इंच, म्हणजे 38 सेंमीच्या पुढे नको आणि झडप चौकटीच्या मागे 24 इंच, म्हणजे 61 सेंमीच्या पुढे लोंबायला नको. ‘अजून थोडी कोळंबी वाचेल’ म्हणून झडप लांब ठेवली की पाण्याचा प्रवाह ती चौकटीवर दाबून धरतो. कासवाला ती उचलता येत नाही आणि ते तिथेच गुदमरतं. झडपेला जाड, ताठ दोरा वापरला तरी हेच होतं. आणि झडप शिवून टाकणं ही तर सरळ फसवणूक आहे. कासवाशीही आणि ज्यांच्या नावावर तो माल पुढे विकला जातो त्या सगळ्या मच्छीमारांशीही.

तोंड वर की खाली? कासव श्वासासाठी वर जाणारं, म्हणून वरचं तोंड स्वाभाविक. खालचं तोंड दगड, स्पंज, जड कचरा झपाट्याने टाकतं, पण त्याला फ्लोट अनिवार्य समजा. चौकटीच्या वरच्या अर्ध्या भागाला फ्लोट बांधा. ते नसले तर चौकट तळावर टेकते आणि तोंड वाळूत दाबलं जातं. कागदोपत्री टेड आहे आणि कासवाला दार नाही, अशी स्थिती होते. खालची झडप तळाला घासून लवकर झिजते, सुटी झडप बोटीवर ठेवाच.

चाचणीबद्दल. नवीन नमुना मान्य होण्यासाठी टेड नसलेल्या जाळ्याच्या तुलनेत कासवं 97 टक्के कमी सापडली पाहिजेत, हा अमेरिकेतला मूळ दंडक. नंतर तिथे वापरलेली पद्धत अशी की फ्लोरिडातल्या पनामा सिटीजवळच्या नितळ पाण्यात, टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टन इथे वाढवलेली लहान लॉगरहेड एकेक करून पाणबुडे ट्रॉलच्या तोंडाशी सोडत, कॅमेरा चालू असे. पाच मिनिटांत कासव सुटलं नाही तर पाणबुडा त्याला काढत असे आणि तो प्रयत्न अपयशी धरला जाई. आधी मान्य असलेल्या टेडशी तुलना करून निकाल लागत असे. ही चाचणी फार मोलाची आहे, कारण कासव नेमकं कुठे अडखळतं ते तिच्यात दिसतं. पण मोठं तोंड पुरेसं आहे का, हे लहान कासव सांगू शकत नाही. त्यासाठी लेदरबॅकच्या आकाराचा पाइपचा सांगाडा तोंडातून ढकलून बघावा लागतो. कुणी ‘चाचणीत उत्तीर्ण’ म्हणून टेड विकत असेल तर यातली कुठली चाचणी, हे जरूर विचारा.

कोळंबीची घट स्वतः मोजायची असेल तर दोन जाळी एकदम ओढणारी बोट हवी. एका जाळ्याला टेड, दुसरं तसंच. वेग, खोली, वेळ एकच. अर्ध्या ओढी झाल्या की टेड दुसऱ्या बाजूच्या जाळ्यात हलवा, नाहीतर एका बाजूचं जाळं मुळातच जास्त पकडत असेल तर तो फरक टेडच्या खात्यावर पडतो. कोळंबी, मासळी आणि कचरा वेगवेगळं तोला. तुंबलेल्या ओढी आकड्यांतून गाळू नका, त्या वेगळी खूण करून ठेवा. घट बहुतेक त्याच ओढींत होते, आणि तिचा उपाय टेड काढून टाकणं हा नसून वाकवलेल्या दांड्या किंवा छोटी ओढ हा आहे. मोठे पाकट, शार्क, स्पंज आणि जेलीफिश बाहेर गेल्यामुळे खोळ्यातली कोळंबी कमी चिरडते, तोही हिशेब वहीत आला पाहिजे.

टेड असूनही कासव डेकवर आलं आणि निपचित दिसलं तर ते मेलं असं धरू नका. पाठीवर उलटवू नका. पोटावर ठेवा, मागचा भाग किमान 15 सेंमी उंच करा, सावलीत ठेवून अंग ओलं राहू द्या. शुद्धीवर यायला 4 तासही लागतात, 24 तासही. सोडताना इंजिन न्यूट्रलला, जाळं पाण्याबाहेर, आणि बोटीच्या मागच्या बाजूने हळूच. मग त्याच दिवशी ते जाळं लटकवून कोन मोजा, झडपेची चढण मोजा, पीळ बघा, आणि पुढची ओढ त्यानंतरच टाका.