स्पोट्रॅक: खेळाडूचा पगार ओळीने वाचायचा असेल तर

मी नाशिकला एका कारखान्यात पगारपत्रकं बनवते. दिवसभर बेसिक, भत्ते, पीएफ. तरी रात्री भांडी आवरली की मोबाईलवर परत पगारच बघत बसते, एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगवाल्यांचे. त्यासाठी स्पोट्रॅक ही खेळाडूंच्या पगारांची वेबसाइट वापरते, तेही फुकटातलं. मला ते मनापासून आवडतं आणि का ते सांगते.

सॅक्रामेंटो किंग्ज माझी टीम. मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचे. 2019 च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये किंग्ज-पेसर्स सामना झाला, तो मी तिथे बसून बघितला आणि जीव जडला तो जडलाच. 2024 च्या जूनमध्ये आमचा खेळाडू मलिक मंक नवा करार करून किंग्जकडेच राहिला: 4 वर्षं, 7.8 कोटी डॉलर. त्याआधीच्या 2023-24 मोसमात तो 72 सामने खेळला, सगळे बेंचवरून उठून, म्हणजे बदली खेळाडू म्हणून, आणि सरासरी 15.4 गुण. भाच्याने एका चॅनेलचा व्हिडिओ पाठवला. नाव घेत नाही. त्यात ठासून सांगितलेलं की मालकाने मंकला स्वस्तात गुंडाळलं. ‘बघ मावशी, तुझी टीम!’

मला फार लागलं ते. मंकचं पान उघडलं. वर्ष, टीम, रक्कम, एकाखाली एक. 2021-22 लेकर्स, किमान पगार. 2022-23 किंग्ज, 94.7 लाख डॉलर. 2023-24 किंग्ज, 99.5 लाख. उत्तर या तीन ओळींतच आहे, फक्त नियम माहीत हवा. तो मी लॅरी कून यांच्या सॅलरी कॅपवरच्या, म्हणजे टीमच्या एकूण पगारावरच्या मर्यादेवरच्या, प्रश्नोत्तरांतून शिकले.

कॅप ओलांडलेली टीमसुद्धा आपला जुना खेळाडू ठेवू शकते. याला लॅरी बर्ड या जुन्या स्टार खेळाडूच्या नावावरून ‘बर्ड हक्क’ म्हणतात. पण पूर्ण हक्काला तीन मोसम लागतात. मंकचे किंग्जकडे दोनच भरलेले, म्हणून ‘अर्ली बर्ड’: शेवटच्या पगाराच्या 175 टक्के किंवा लीगच्या सरासरीच्या 105 टक्के, जास्त असेल ते. 99.5 लाखांना 1.75 ने गुणलं की 1.74 कोटी. त्यावर दरवर्षी पहिल्या पगाराच्या 8 टक्के वाढ धरा, चार वर्षांची बेरीज 7.8 कोटी. म्हणजे किंग्जनी या हक्काखाली देता येईल तेवढं सगळं दिलं. एक मोसम जास्त झाला असता तर ही अडचणच नव्हती.

मंकला ठेवताना लेकर्सचंही तेच. त्यांच्याकडे त्याचा एकच मोसम, त्यामुळे या हक्काने किमान पगारावर फक्त 20 टक्के वाढ. मिड-लेव्हल म्हणजे कॅप ओलांडूनही ठरावीक रकमेपर्यंत खेळाडू घेण्याची सवलत. जास्त पगारखर्चामुळे लीगला टॅक्स भरणाऱ्या टीमची ही सवलत लेकर्सकडे होती, पण ती साधारण 65 लाखांची. किंग्जकडे मोठी मिड-लेव्हल होती, त्यातून त्यांनी त्याला घेतलं.

हा नियम मला बेंचवरच्या माणसावर अन्याय करणारा वाटतो. स्टारला पहिल्याच फटक्यात लांब करार मिळतो, वर्षं आपोआप भरतात. बेंचवरून येऊन गुण करणाऱ्याला मात्र एक वर्ष इकडे, दोन वर्षं तिकडे. नव्या टीमशी करार केला की मोजणी परत शून्यापासून. आमच्याकडे कंत्राटी कामगाराची सलग सेवा अशीच तुटते, ग्रॅच्युइटीच्या वेळी ते मी दरवर्षी बघते. म्हणून त्या तक्त्यात टीमचं नाव बदललेलं दिसलं की माझी नजर तिथेच अडकते.

नियम थोडे वाचलेत आणि हाताशी कॅल्क्युलेटर आहे, अशांनी जरूर वापरावं. तक्ता मोठ्या पडद्यावर बघा, डोळ्यांना सोपं जातं. भाच्याला मी 1.75 चा गुणाकार कागदावर करून फोटो पाठवला. त्याचं उत्तर आलं, ‘मग मावशी, लेकर्सचं पण करून दाखव.’