अंतर सांगणारं अ‍ॅप, पण वेळ मात्र आपणच काढा

लेकीला लंडनला सोडायला जायचं होतं म्हणून विमानाचं अंतर नि वेळ सांगणारं एक फुकटचं अ‍ॅप टाकलं, पाचपैकी तीन स्टार देतो. नागपूर ते लंडन टाकलं की साडेसात हजार किमीच्या आसपास दाखवते, सरळ रेषेत ते बरोबरच आहे, पण खाली लिहिते साडेआठ तास! अरे भाऊ, सोनेगाववरून, म्हणजे नागपूरच्या विमानतळावरून, सरळ लंडनला जाणारं विमान दाखव ना मला. आपल्याला आधी मुंबई, दीड तास तिथंच गेला, मग तीन-चार तास बसून राहा, आणि मुंबई-लंडनच सुमारे ७,२०० किमी, त्याला साडेनऊ-दहा तास लागतात. घरून निघाल्यापासून धरलं तर अठरा तास कुठं गेले समजत नाही, संत्रा बर्फीचा डबाही अर्धा संपला. अजून एक, जाण्या-येण्याची वेळ सारखीच दाखवते, पण वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात म्हणून येताना विमान लवकर पोचते, एवढं तरी टाकायला पाहिजे होतं. घड्याळाचा फरक मात्र मस्त दाखवते, हिवाळ्यात साडेपाच तास नि उन्हाळ्यात साडेचार, लेकीला फोन कधी करायचा ते आमची बायको आता यावरच पाहते, त्यासाठीच ठेवलंय. जाहिराती लई येतात पण.