मुरबाडजवळचा भाड्याचा फ्लॅट: आठ महिन्यांनंतर

दर पावसाळ्यात ठाण्याहून पहाटे निघायचं, माळशेजला धबधब्यापेक्षा गाड्यांचे दिवेच जास्त बघायचे आणि रात्री अकराला ओल्या कपड्यांची पिशवी घेऊन वर्तकनगरला परतायचं, याचा कंटाळा आला होता. म्हणून गेल्या जूनमध्ये आम्ही आणि नणंदेचं कुटुंब मिळून मुरबाडच्या पुढे, सरळगावच्या बाजूला एक वन बीएचके भाड्याने घेतला. अकरा महिन्यांचा करार, भाडं दोघांत अर्धं अर्धं, स्वयंपाक आपला आपण. जाहिरातीत दोन गोष्टी ठळक होत्या: ‘सर्व सोयींचं किचन’ आणि ‘माळशेज, माथेरान, जव्हार जवळ’.

किचनमध्ये दोन बर्नरची शेगडी होती, त्यातला डावा पिवळाच पेटायचा. अजूनही तसाच पेटतो. कुकर होता, शिट्टी नव्हती. सुरी एकच, तीही टोमॅटोवरून घसरणारी. कपबशा मात्र अठरा! पहिल्याच फेरीनंतर ठाण्याहून आपली सुरी, चिमटा, विळी आणि पोळपाट-लाटणं नेलं, ते तिथेच ठेवलं. अशी जागा घेणार असाल तर बाल्कनीतून डोंगर कसा दिसतो ते नंतर बघा, आधी शेगडी पेटवून बघा.

खरा धडा मात्र डाळीने दिला. पहिल्या शनिवारी तुरीच्या डाळीला सात शिट्ट्या दिल्या, तरी दाणा अख्खाच्या अख्खा. सासूबाई म्हणाल्या, डाळ जुनी असेल. पुढच्या खेपेला घरची डाळ नेली, तरी तेच. शेवटी जागेची देखभाल बघणाऱ्या काकांच्या घरी विचारलं, तर काकू हसायलाच लागल्या. ‘बोअरचं पानी जड हाय ताई. आमी डाल हिरीच्या पान्यात टाकतो.’ जड पाण्यातल्या क्षारांमुळे डाळीचा दाणा लवकर मऊ होत नाही, हे शाळेत शिकलो होतो, पण कुकरशी त्याचा संबंध कधी लावला नव्हता. तेव्हापासून वीस लिटरचा कॅन गाडीत असतो, डाळीला आणि चहाला. ठाण्याला बरंचसं पाणी येतं ते भातसा नदीच्या खोऱ्यातून, शेजारच्या शहापूर तालुक्यातून. आणि आम्ही नळाचं पाणी भरून पुन्हा सह्याद्रीच्या पायथ्याशी नेतो. नवरा दर वेळी हा विनोद करतो. आता कुणी हसत नाही.

पण स्वतःचं किचन असण्याचा फायदाही तिथेच कळला. जूनच्या पहिल्या सरींनंतर रस्त्याच्या कडेला आदिवासी बायका रानभाज्या घेऊन बसतात: शेवळं, टाकळा, पुढे भारंगी, कंटोली. हॉटेलात उतरलो असतो तर बघून पुढे गेलो असतो. मी हौसेने शेवळाच्या दोन जुड्या घेतल्या. सोबत छोटी हिरवी फळं होती, ती नको म्हटलं. विकणाऱ्या आजींनी ती पैसे न घेता पिशवीत टाकली आणि म्हणाल्या, ‘काकडं घाल बाय, नायतर घसा खाजंल.’ काकडं ठेचून रस काढला, शेवळं बारीक चिरून त्यात शिजवली, वर सुकट. घसा शाबूत राहिला आणि नणंदेच्या मुलाने, जो घरी भेंडीसुद्धा खात नाही, दोनदा वाढून घेतलं.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र जागेने परीक्षा घेतली. दोन आठवडे गेलो नाही तर मिठाच्या बरणीत पाणी, कपाटाच्या पाठीला बुरशी, उशांना वास. वीज गेली की इंडक्शन नुसतं शोभेचं. एकदा चपलेत घोण निघाली; त्यानंतर चपला झटकल्याशिवाय कुणी पाय घालत नाही.

आता ‘जवळ’ या शब्दाबद्दल. माळशेज खरंच जवळ आहे. सकाळी सातला घाटात पोहोचून, गर्दी चढायच्या आत परत येऊन पिठलं-भात खाता येतो, आणि एवढ्यासाठीही भाडं वसूल होतं. नाणेघाटाची वाट वैशाखऱ्याजवळ सुरू होते, तेही सोयीचं. दिवाळीनंतर आम्ही चढलो. वरच्या लेण्यातला सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख, यज्ञात दान दिलेल्या गाई-घोड्यांचे त्यातले आकडे आणि घाटमाथ्यावरचा जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण पाहून मुलं गप्प झाली, जे सहसा होत नाही.

माथेरानला म्हसा-कर्जत मार्गे नेरळला जाऊन दस्तुरीला गाडी सोडावी लागते. अर्धा दिवस तिथेच जातो. त्यापेक्षा ठाण्याहून लोकलने नेरळ गाठणं सरळ. जव्हार तर विसराच. शहापूर-खोडाळा करत एकदा गेलो. तिथल्या मुकणे संस्थानिकांचा जयविलास राजवाडा आणि दाभोसा धबधबा एका दिवसात उरकला आणि रात्री दहाला पाठ धरून परतलो. जव्हार बघायचं असेल तर जव्हारलाच राहा.

ज्याचा जाहिरातीत उल्लेखही नव्हता ते म्हसा गाव मात्र सापडलं. पौष पौर्णिमेच्या जत्रेला गुरांचा बाजार भरतो, घोंगड्यांचे ढीग लागतात. एक काळी घोंगडी घेतली. फ्लॅटमधल्या दोन ब्लँकेटांपेक्षा ती एकटी उबदार आहे.

मालकांबद्दल तक्रार एकच. दिवाळीनंतर आमच्या वीजबिलात बोअरच्या मोटारीचा हिस्सा लागला. करारात तसं काही नाही. फोन केला की ‘बघतो’ म्हणतात.

महिन्यातून किमान दोनदा जाणार असाल आणि तिथे जाऊन भांडी घासायची तयारी असेल तरच अशी जागा घ्या. चार महिन्यांतून एकदा जाणाऱ्यांनी हॉटेलच बघावं, बुरशी पुसण्यातच सुट्टी संपेल.

करार एप्रिलअखेर संपतोय. मे महिन्यात विहीर तळाला जाते, तेव्हा जूनपासूनच घ्या, असं काकूंनीच सांगितलंय. नवीन करारात मोटारीचं बिल आणि डावा बर्नर, दोन्ही लिहून घेणार आहे.