गांजाची काढणी: ओली छाटणी की सुकी?

सप्टेंबर संपत आला की कॅनडात घरामागे गांजाची झाडं लावणाऱ्यांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. फुलांभोवतीची पानं झाड हिरवं असतानाच कापून काढायची, की फांद्या अख्ख्या टांगून वाळल्यावर? पहिली ओली छाटणी, दुसरी सुकी. दोन्हीकडचे लोक घराण्यांच्या गायकीवर भांडावं तसे हिरिरीने भांडतात. माझं मत विचाराल तर निवाडा तुमच्या वाळवणाच्या खोलीतली हवा करते. भिंतीवर हवेतली आर्द्रता मोजणारा एक साधा हायग्रोमीटर लावा, निम्मा वाद तिथेच मिटतो.

आधी कायद्याचं. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून एका घरात चार झाडं लावता येतात. घरात माणसं कितीही असोत, झाडं चारच. क्युबेकमध्ये तेही नाही. तिथली घरगुती लागवडीवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये कायम ठेवली. भाड्याच्या घरात किंवा कॉन्डोत राहत असाल तर करारात काय लिहिलंय तेही वाचा. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणशी तीन झाडं चालतात, पण घरात वाळलेला माल ५० ग्रॅमपर्यंतच ठेवता येतो. भारतात १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याने ही लागवड गुन्हा आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईत बसून हे वाचणाऱ्यांसाठी ही नुसती माहिती.

आता छाटणी. ओल्या छाटणीत झाड कापल्या दिवशीच कात्री घेऊन बसायचं. पानं अजून ताठ असतात, फुलापासून बाहेर उभी राहतात, त्यामुळे देठापाशी कात्री सहज जाते आणि माल दिसायला साफसूफ होतो. मग फुलं जाळीच्या ट्रेवर पसरायची. जागा कमी लागते, एका कपाटात काम भागतं, आणि चार-सहा दिवसांत माल वाळतो. पानांबरोबर बरंच पाणी आधीच निघून गेलेलं असल्याने बुरशीला वाव कमी मिळतो. हाच हिचा सगळ्यात मोठा गुण.

दोष असा की हवा कोरडी असेल तर फूल बाहेरून कडक आणि आतून ओलं राहतं. घाईने वाळलेल्या मालाला कापलेल्या गवतासारखा वास येतो, तो मग बरणीतही सहजी जात नाही. ट्रेवर ठेवलेली फुलं रोज उलटली नाहीत तर एका बाजूने चपटी होतात. शिवाय चिकाचा त्रास. पंधरा-वीस मिनिटांत कात्रीच्या पात्यांवर काळपट राळेचा थर बसतो आणि पाती एकमेकांना चिकटून उघडेनाशी होतात. दोन कात्र्या घ्या, एक रबिंग अल्कोहोलमध्ये बुडालेली, दुसरी हातात.

सुक्या छाटणीत फक्त मोठी, लांब देठाची पानं आधी तोडायची आणि फांद्या उलट्या टांगायच्या. खोली अंधारी हवी, तापमान १५ ते २० अंश, आर्द्रता ५५ ते ६० टक्के, आणि पंख्याचा झोत थेट फुलांवर नको. फुलालगतची छोटी पानं वाळताना आत वळतात, फुलाला झाकून घेतात आणि वाळण्याचा वेग आपसूक कमी होतो. दहा ते चौदा दिवस लागतात. सुगंधी द्रव्यं टिकतात ती या संथपणामुळे. बारीक काडी वाकवल्यावर नुसती न लवता कट् असा आवाज करून मोडली, की छाटायला घ्या.

पण वाळलेली पानं फुलाला बिलगलेली असतात, त्यामुळे काम किचकट होतं आणि हात जरा जड पडला की फुलांवरचे राळेचे दाणे झडतात. खाली स्वच्छ ट्रे ठेवा म्हणजे ते वाया जात नाहीत. दोन आठवडे घरभर वास राहतो. शेजारी तक्रार करणारे असतील तर हा मुद्दा लहान नाही. आणि धूळ. मॅसॅच्युसेट्समधल्या एका कारखान्यात दळलेल्या गांजाच्या धुळीने दमा होऊन २०२२ मध्ये एक कामगार दगावली. घरच्या चार झाडांची आणि कारखान्याची बरोबरी होत नाही, तरी दमा किंवा ॲलर्जी असेल तर एन-९५ मास्क लावा, नाहीतर सरळ ओली छाटणीच करा.

मग कोणी काय निवडावं? व्हँकुव्हरकडे शरद ऋतूत पाऊस थांबत नाही. तिथे हवेतला ओलावा शोषणारं यंत्र, म्हणजे डीह्युमिडिफायर, नसेल तर ओलीच. कॅल्गरीची हवा कोरडी, तिथे ओली छाटणी केली तर माल पापडासारखा होतो. सुकीच करा, जमलं तर झाड अख्खंच टांगा. टोरोंटोचं गणित महिन्यावर. ऑक्टोबरात बेसमेंट दमट असतं आणि घर गरम करणारा फर्नेस सुरू झाला की तीच हवा एकदम रुक्ष होते. हायग्रोमीटर ६५ च्या वर असेल तर ओली, ६० च्या खाली असेल तर सुकी, आणि मधे घुटमळत असेल तर मोठी व मधली पानं आधी, बारीक नंतर. मला स्वतःला हा मधला मार्गच सगळ्यात पटतो.

आर्द्रतेवर भारी पडणारी गोष्ट एकच, ती म्हणजे रोग. पानांवर पांढरी पावडर दिसली, म्हणजे नाशिकचे द्राक्षवाले जिला भुरी म्हणतात ती, किंवा फुलाच्या गाभ्यात करडी, भुसभुशीत बुरशी सापडली, तर टांगत बसू नका. रोगट फुलं त्याच दिवशी टाकून द्या, बाकीची मोकळी करून तपासा आणि ओली छाटून वाळवा. खराब भाग कापून उरलेलं फूल ठेवण्याचा मोह नको. बुरशीचा धूर फुफ्फुसांत जाणं घातक, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना तर फारच.

कापायचं कधी, हे दोन्हींत सारखंच. भिंगातून राळेचे दाणे पाहा. काचेसारखे पारदर्शक असतील तर थांबा. बहुतेक दुधाळ आणि मधूनमधून मधाच्या रंगाचे दिसले की कापा. हाताळताना नायट्राइलचे ग्लोव्हज घाला आणि फूल न दाबता देठाला धरा. गंमत म्हणजे ब्रिटिश काळात बंगालमध्ये, आजच्या बांगलादेशातल्या नौगावकडे, गांजा मुद्दाम पायाखाली तुडवून चपटा करत, राळ फुलाला घट्ट चिकटावी म्हणून. त्यांचा बाजार वेगळा होता, तुम्हाला तसं करायची गरज नाही.

शेवटी दोन्ही वाटा काचेच्या बरणीत येतात. पाऊण भरा, पहिला आठवडा रोज एकदा-दोनदा झाकण उघडा, आतली आर्द्रता ५८ ते ६२ टक्के ठेवा. अमोनियासारखा उग्र वास आला तर माल ओला भरला गेलाय. लगेच जाळीवर पसरा, आणि दुसऱ्या दिवशीही वास गेला नाही तर फेकून द्या. बरणीवर तारीख घाला आणि ती कुलपाच्या कपाटात ठेवा, विशेषतः घरात लहान मुलं असतील तर.