जुनी रॉकबिली घ्यायची, तर कोणती?

रॉकबिली म्हणजे कंट्री आणि ब्लूजच्या मिलाफातून आलेलं सुरुवातीचं रॉक अँड रोल. अमेरिकेतल्या मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्स या कंपनीची ही गाणी फोनवर ऐकून झपाटलेल्या माणसाला पुढेमागे ती घरात, हातात हवीशी वाटतात. मग भांडण सुरू होतं, सीडी की व्हिनाइलची तबकडी. माझ्या लेखी तो प्रश्न नंतरचा. आवाज कशावरून उचललाय, मूळ टेपवरून की कुणाच्या तरी झिजलेल्या रेकॉर्डवरून, हे आधी विचारा.

कारण या संगीताचा जीव फार बारीक गोष्टींत आहे. जुलै 1954 मध्ये सनकडून एल्विस प्रेस्लीची पहिली रेकॉर्ड आली, तिच्यात ड्रम नाहीतच. एल्विसची गिटार, स्कॉटी मूरची इलेक्ट्रिक गिटार आणि बिल ब्लॅकचा उभा बास, बस्स. तारा ओढून फळीवर आपटल्याचा बासचा जो 'टक' आवाज येतो, तोच ठेका. त्यावर सनचा मालक सॅम फिलिप्सचा प्रतिध्वनी: तोच आवाज दुसऱ्या टेप मशीनमधून क्षणाच्या अंशानं उशिरा परत आणायचा. खरखर घालवायला कुणी संगणकावर जोरात फिल्टर मारला की आधी हा 'टक' जातो, मग प्रतिध्वनीची शेपटी. उरतो तो भिंतीपलीकडून आल्यासारखा एल्विस.

आता पहिला पर्याय, सनची त्या काळी छापलेली मूळ रेकॉर्ड. पिवळं लेबल, सूर्यकिरणं, आरवणारा कोंबडा. देखणी वस्तू आहे, वाद नाही. एल्विसनं सनसाठी पाचच सिंगल्स (दोन बाजूंना एकेक गाणं असलेल्या रेकॉर्ड) केली. नोव्हेंबर 1955 मध्ये आरसीए या मोठ्या रेकॉर्ड कंपनीनं त्याचा करार 35,000 डॉलरना विकत घेतला. त्या पाचांपैकी कोरी करकरीत प्रत रुपयांत लाखांच्या घरात जाते, आणि म्हणूनच नकलाही उदंड आहेत. मेम्फिसच्या कारखान्यातल्या 45च्या (मिनिटाला 45 फेरे घेणाऱ्या लहान रेकॉर्डच्या) लेबलवर तीन गोल दाब, म्हणजे खोलगट खुणा, दिसतात. लॉस एंजेलिसच्या छपाईत ते नसतात. तिथे लेबलाबाहेरच्या गुळगुळीत भागात त्रिकोण आणि आकडा असतो. म्हणजे दाब नाहीत एवढ्यावरून नक्कल ठरवू नका. मोह आवरत नसेल तर सनच्याच कार्ल पर्किन्सचं 1956चं 'ब्लू स्वेड शूज' शोधा. ते दहा लाखांवर खपलं, त्यामुळे प्रती मिळतात आणि भावही माणसात असतो.

दुसरा पर्याय टेपवरून केलेल्या संचांचा. जर्मनीच्या बेअर फॅमिली या कंपनीचे संच महाग असतात, पण सोबतच्या पुस्तिकेत कुठल्या दिवशी कोण वाजवत होतं इथवर नोंदी मिळतात. लंडनच्या एस रेकॉर्ड्सच्या सीडी त्या मानानं खिशाला झेपतात. शिवाय काही गाणी मूळ रेकॉर्डवर कधी नव्हतीच. 4 डिसेंबर 1956 रोजी एल्विस, पर्किन्स, जेरी ली लुईस आणि जॉनी कॅश सनच्या स्टुडिओत जमले. ती टेप एलपीवर (मोठ्या, लाँग-प्ले तबकडीवर) आली थेट 1981 मध्ये. संग्राहकानं कितीही पैसे ओतले तरी तिची 'मूळ प्रत' मिळणार नाही. एक खोच मात्र आहे: एल्विसच्या टेप आरसीएकडे गेल्या, त्यामुळे सनच्या अधिकृत संचांत बहुधा सगळे भेटतात, तोच नसतो. त्याच्यासाठी आरसीएचाच संच घ्यावा लागतो.

तिसरी, स्वस्त युरोपीय एलपी. युरोपात 1962 अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांचे हक्क संपलेत, म्हणून कुणीही छापू शकतो. (आपल्याकडे मुदत 60 वर्षांची, अमेरिकेत मात्र 1957 ते फेब्रुवारी 1972 दरम्यानची ध्वनिमुद्रणं फेब्रुवारी 2067 पर्यंत सुरक्षित आहेत.) कायद्यानं चूक नाही, पण गायनाबद्दल गायकाच्या घरी त्यातला छदामही जात नाही, आणि पुष्कळदा आवाज दुसऱ्याच्याच सीडीवरून उचललेला असतो. मागच्या बाजूला टेपचा, मास्टरिंग करणाऱ्याचा (छपाईआधी आवाज अंतिम रूपात बसवणाऱ्याचा) उल्लेखच नसेल तर मी ती परत खणात ठेवतो. '180 ग्रॅम' या शिक्क्यानं जाड होते ती तबकडी, आवाज नव्हे.

माझी शिफारस: पहिले पैसे मूळ टेपवरून केलेल्या सीडीत घाला. वर्षभर ऐका. मग जे गाणं डोक्यातून जात नाही, त्याचीच मूळ 45 घ्या.

78ची (मिनिटाला 78 फेरे घेणारी, जुन्या घडणीची तबकडी) घेणार असाल तर सुईचा खर्च धरा. एलपीची सुई साधारण 25 मायक्रॉनची, 78ला 75ची लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी घासत जाते. आणि पार्सल नीट बांधून मागवा. ती तबकडी बहुधा शेलॅकची, म्हणजे लाखेची; जगाला लाख मुख्यतः आपल्याच देशातून जायची. पण घरी परतताना ती हमखास तडकते.