आधी जाहिरात की आधी पगार?

परदेशी माणूस कामावर घ्यायला मुभा द्यायची, पण स्थानिकाच्या तोंडचा घास जाऊ द्यायचा नाही, यासाठी सरकारांकडे मुख्य हत्यारं दोनच आहेत. पहिलं: आधी जाहिरात द्या, स्थानिक उमेदवार मिळाला नाही तरच बाहेरचा घ्या. दुसरं: हवा तो घ्या, पण अमुक पगाराच्या खाली नाही. कोटा, लेव्ही (परदेशी कामगारामागे मालकाने भरायची रक्कम), गुणांकन या सगळ्या त्यांच्या पुरवण्या. ज्यांना यातल्या एकाच्या बाजूने मत द्यायचं आहे, मग ते संघटनेच्या बैठकीत असो की कंपनीच्या भरती धोरणात, त्यांच्यासाठी हा आढावा आहे.

बचाव नेमका कशापासून करायचा ते आधी बघू. 1980 मध्ये क्युबातल्या मारिएल बंदरातून सुमारे 1,25,000 माणसं फ्लोरिडात आली आणि मायामीतलं कामगारबळ काही महिन्यांत जवळपास 7 टक्क्यांनी वाढलं. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांना 1990 मध्ये स्थानिकांच्या पगारावर त्याचा परिणाम दिसला नाही. दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी 2017 मध्ये शालेय शिक्षण पूर्ण न केलेले पुरुष तेवढे वेगळे काढले आणि त्यांचे पगार 10 ते 30 टक्के पडल्याचं मांडलं. मग त्या छोट्या नमुन्यातली माणसंच मधल्या वर्षांत बदलली होती, असा आक्षेप आला. हे भांडण अजून मिटलेलं नाही. सरासरीवर परिणाम थोडा आणि झळ बसते ती तेच काम करणाऱ्यांना, विशेषतः कमी शिकलेल्यांना आणि आधी आलेल्या स्थलांतरितांना, इतपत मात्र बहुतेकांना मान्य आहे.

मला त्याहून उपयोगी वाटतं ते जर्मनीचं उदाहरण. 1991 पासून चेक कामगारांना जर्मन सीमेलगतच्या पट्ट्यात रोज ये-जा करून काम करण्याची मुभा मिळाली. तिथे पगार किंचितच हलले, स्थानिकांच्या नोकऱ्या मात्र ठळकपणे घटल्या. त्याही कुणाला काढून टाकलं म्हणून नाही, तर नवी भरती आटली म्हणून. म्हणजे नुकसान होतं ते मुलाखतीला न बोलावलेल्या माणसाचं, आणि तो कुठल्याच हजेरीपटावर नसतो. दोन्ही हत्यारं या माणसासाठी काय करतात, यावर तोलायला हवीत.

कागदावर जाहिरातीची अट त्याच्यासाठीच आहे. अमेरिकेत ग्रीन कार्डासाठी नोकरीची जी श्रम-प्रमाणपत्र प्रक्रिया आहे, ती पाहा. आधी श्रम खात्याकडून त्या कामाचं त्या भागातलं प्रचलित वेतन ठरवून घ्यायचं. मग दोन वेगवेगळ्या रविवारी वर्तमानपत्रात जाहिरात, राज्याच्या रोजगार केंद्रात 30 दिवस नोंद, कामाच्या जागी सलग 10 कामकाजाचे दिवस सूचना लावलेली, आणि पद व्यावसायिक असेल तर ठरलेल्या यादीतले आणखी तीन मार्ग. अर्ज करताना जाहिराती 180 दिवसांपेक्षा शिळ्या नकोत आणि 30 दिवसांपेक्षा ताज्याही नकोत. आलेल्या प्रत्येक स्थानिक अर्जाला नकार का दिला, ते लिहून ठेवायचं. कॅनडात जाहिरात चार आठवडे, सिंगापूरमध्ये 14 दिवस. तपशील बदलतो, साचा तोच.

माझं मत जिथे फिरलं ती जागा इथेच आहे. ही जाहिरात कुणी सापडू नये म्हणून दिलेली असते. त्या खुर्चीवर बहुतेक वेळा माणूस आधीच बसलेला असतो, तात्पुरत्या व्हिसावर, दोन-चार वर्षं काम शिकून. कंपनीला तो हवा असतो, आणि त्यात गैर काही नाही. पण मग पात्रतेच्या अटी त्याच्या बायोडाटावरून बेतल्या जातात: अमुक पदवी, अधिक तमुक प्रणालीवर इतकी वर्षं, अधिक एखादी दुर्मिळ जोड. प्रत्येक अट एकटी पाहिली तर रास्त दिसते, पण सगळ्या एकत्र बसणारा माणूस एकच निघतो. अटी बेतता आल्या नाहीत तर अर्जाची वाट अवघड करायची. एरवी सगळी भरती संकेतस्थळावरून, या पदांसाठी मात्र अर्ज कागदावर लिहून टपालाने. हा काही माझा संशय नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने अर्जाची वाट अवघड केल्याच्या याच मुद्द्यावर फेसबुकशी ऑक्टोबर 2021 मध्ये 1.425 कोटी डॉलरपर्यंतची आणि ॲपलशी नोव्हेंबर 2023 मध्ये 2.5 कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. हे बाहेर आलं कारण कंपन्या मोठ्या होत्या. लहान कंपनीची रविवारची चौकटीतली जाहिरात उघडून बघणार कोण?

दुसरी खोट त्याहून मूळची. ‘माणूस मिळत नाही’ हे वाक्य पगाराचा आकडा जोडल्याशिवाय अर्धवट असतं. बाजारभावापेक्षा पंधरा टक्के कमी देऊ केलं तर कुणी फिरकणार नाही, आणि त्यातून टंचाई सिद्ध होईल. म्हणूनच अमेरिकेला आणि कॅनडालाही जाहिरातीच्या आधी प्रचलित वेतनाची अट घालावी लागली. म्हणजे या पद्धतीत जो दात आहे, तो पगाराच्या आकड्याचाच. मग बाकीचा खटाटोप कशाला, असं वाटू लागतं.

ब्रिटनने तो सोडून दिला. कुशल कामगारांसाठीची 28 दिवसांच्या जाहिरातीची अट 1 डिसेंबर 2020 पासून गेली आणि वर्षाला 25,600 पौंडांची सर्वसाधारण रेषा, म्हणजे किमान पगाराची अट, आली. एप्रिल 2024 मध्ये ती 38,700 झाली, जुलै 2025 मध्ये 41,700. त्याशिवाय त्या-त्या व्यवसायाचा चालू दर असतोच. दोन्हींतला जो मोठा तो द्यायचा. तपासायला सोपं: पगाराची पावती, बँकेतली जमा रक्कम आणि करखात्याकडची नोंद जुळते की नाही, एवढंच बघायचं. मालकाच्या मनात काय होतं याचा शोध घ्यावा लागत नाही.

पण रेषा आखणं म्हणजे काम संपलं असं नाही. ती बिघडण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत.

सगळ्यात मोठी म्हणजे रेषा मुळातच खाली आखणं. अमेरिकेत कुशल कामगारांसाठीच्या तात्पुरत्या एच-1बी व्हिसाच्या प्रचलित वेतनाला चार पायऱ्या आहेत. तेच काम करणाऱ्या शंभर जणांना पगाराप्रमाणे चढत्या रांगेत उभं केलं, तर पहिली पायरी सुमारे सतराव्या माणसाच्या पगाराशी येते, दुसरी चौतिसाव्याच्या, तिसरी मधल्या माणसाच्या, चौथी सदुसष्टाव्याच्या. म्हणजे चारपैकी दोन पायऱ्यांवर कायदाच मध्यापेक्षा स्वस्त माणूस आणायची परवानगी देतो, आणि त्यासाठी कुणाला खोटं बोलावं लागत नाही. दुसरी वाट गोठण्याची. ऑस्ट्रेलियाची तात्पुरत्या कुशल कामगारांची रेषा 2013 मध्ये 53,900 ऑस्ट्रेलियन डॉलर होती आणि 1 जुलै 2023 ला 70,000 होईपर्यंत तिथेच अडकून राहिली. दहा वर्षांत बाकीचे पगार वाढत गेले आणि रेषा आपोआप तळाला गेली. एच-1बीतही काही जादा अटींतून सूट मिळवून देणारा 60,000 डॉलरचा आकडा 1998 च्या कायद्यातला आहे. तिसरी वाट सवलतींची. ब्रिटनमध्ये टंचाईच्या व्यवसायांना चालू दरावर 20 टक्के सूट होती. टंचाई आहे म्हणून भाव कमी, हे बाजाराचं कुठलं गणित, देव जाणे. एप्रिल 2024 मध्ये ती गेली. आणि चौथी, तासांची: वार्षिक रक्कम रेषेवर ठेवायची आणि आठवडा फुगवायचा. म्हणून ब्रिटनमध्ये आठवड्याचे फार तर 48 तास हिशेबात धरतात. राहण्याखाण्याची कपात आणि रोखीने परत घेतलेला पगार हे प्रकार यापलीकडचे. ते पावतीवर दिसत नाहीत. कामगाराशी मालकाच्या माघारी बोलल्यावरच कळतात.

शेती आणि हंगामी कामांत मात्र मी जाहिरातीला एवढ्या सहज मोडीत काढणार नाही. तिथे मध्यावर आखलेली रेषा धंदाच बंद करू शकते, आणि धंदा बंद झाला की स्थानिकाला त्याचा वाटा मिळतोच असं नाही. मेक्सिकन शेतमजुरांचा ब्रासेरो करार अमेरिकेने 1964 च्या अखेरीस संपवला. स्थानिक मजुरांचे पगार वाढतील ही अपेक्षा होती. नंतरच्या अभ्यासात तशी वाढ आढळली नाही: जिथे यंत्र तयार होतं, जसं टोमॅटोच्या काढणीत, तिथे यंत्र आलं, इतरत्र काही पिकं कमी झाली. अशा कामांसाठी अमेरिकेच्याच एच-2ए या हंगामी शेतमजुरांच्या व्हिसात जाहिरातीचा एक दात असलेला प्रकार आहे. कराराचा निम्मा काळ संपेपर्यंत पात्र स्थानिक मजूर आला, तर त्याला घ्यावंच लागतं. परवानगी मिळाल्याने जाहिरातीची जबाबदारी संपत नाही, आणि शिवाय वेतनाची वेगळी रेषा असतेच. जाहिरात ठेवायचीच असेल तर अशी ठेवावी.

दोन्ही बाजूंचे लोक एक गोष्ट विसरतात. आलेला माणूस मालक बदलू शकतो का? बदलू शकत नसेल तर रेषा हाच त्याचा कमाल पगार होतो, आणि शेजारच्या टेबलावरच्या स्थानिकालाही वाढ मागताना तोच आकडा ऐकवला जातो. संयुक्त अरब अमिरातीत 2011 पासून करार संपलेल्या कामगाराला जुन्या मालकाच्या ना-हरकतीशिवाय नवी नोकरी धरता येऊ लागली, तेव्हा अशा कामगारांची कमाई सुमारे 10 टक्क्यांनी वाढली. त्याच वेळी बाहेरून नवी माणसं आणणं कंपन्यांनी कमी केलं, हेही खरं.

पगारी, कुशल पदांचा प्रश्न असेल तर माझा कौल रेषेला, पण अटींसह: व्यवसाय आणि प्रदेशानुसार मध्यावर आखलेली, दर वर्षी आपोआप सरकणारी, तासाच्या हिशेबाने, फक्त मूळ पगारावर, टंचाईची सूट नसलेली. यातली एखादी अट तडजोडीत सोडावी लागली तर प्रदेशाची सोडा, आपोआप सरकण्याची सोडू नका. आणि आपल्याकडे जाहिरातीची अटच चालू राहणार असेल, तर जाहिरातीतल्या पात्रता त्याच पदावर आधी घेतलेल्या शेवटच्या तीन स्थानिकांच्या बायोडाटाशी ताडून बघा. त्या तिघांपैकी एकही आजच्या जाहिरातीत बसत नसेल, तर ती जाहिरात कुणासाठी लिहिली आहे ते लगेच दिसेल.